रामाचं धनुष्य नवं नव्हतं

॥ श्रीराम ॥



आजचं वाचन : वाल्मीकि रामायण, अरण्यकांड, सर्ग 12.

दंडकारण्यातल्या ऋषींच्या आश्रमांत दहा वर्षं काढून राम, सीता आणि लक्ष्मण अगस्तींकडे पोचतात. आमच्या रामटेकात कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, तो गडाकडे बोट दाखवून सांगेल की अगस्तींचा आश्रम इथलाच, आणि राक्षसांचा नाश करण्याची टेक रामानं इथंच धरली म्हणून हे रामटेक. (प्रवरेकाठच्या अकोल्याचे लोक हे ऐकून हसतील, कारण अगस्ती त्यांचेही आहेत. असू देत. ऋषी फिरते असतात.)

अगस्ती आधी अग्नीत आहुती देतात, पाहुण्यांना अर्घ्य देतात, जेवू घालतात. हे सगळं झाल्यावर शस्त्रं बाहेर काढतात. विश्वकर्म्यानं घडवलेलं सोन्याहिऱ्यांनी मढवलेलं धनुष्य, एक अमोघ बाण, बाण कधीच न संपणारे दोन भाते आणि एक तलवार. भाते त्यांच्याकडे इंद्राकडून आलेले. आणि धनुष्य देताना ते रामाला सांगतात की हे विष्णूंचं आहे, पूर्वी याच धनुष्यानं त्यांनी युद्धात असुरांना मारलं.

आजच्या भाषेत बोलायचं तर सेकंड हॅन्ड धनुष्य! कुणी म्हणेल, राम म्हणजेच विष्णू, त्यानं आपलीच वस्तू परत घेतली. पण अरण्यकांडातला राम माणसासारखा वागतो. ‘हे माझंच’ असं तो म्हणत नाही. एका म्हाताऱ्या ऋषीनं दिलं, त्यानं हात पुढे करून घेतलं.

हे आज मुद्दाम लिहितोय, कारण पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक ताईचा मेसेज आलाय. भावाच्या लग्नासाठी तिनं इन्स्टाग्रामवरच्या एका थ्रिफ्ट स्टोअरमधून पैठणी घेतली. नवी परवडणारी नव्हती, आणि कर्ज काढून एका दिवसासाठी साडी घेणं तिला पटत नव्हतं. आत्यानं सगळ्यांसमोर म्हटलं, ‘‘कुणाचं उतरलेलं लग्नात नेसू नये, शास्त्रात सांगितलंय.’’ ताई विचारते, खरंच सांगितलंय का?

खरं सांगतो, सांगितलंय. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दुसऱ्यानं वापरलेले जोडे, वस्त्र, जानवं, दागिना, माळ, कमंडलू वापरू नये असं आहे. तेव्हा आत्याला ‘काहीही बोलता तुम्ही’ म्हणायची सोय नाही. पण हे नियम गुरुकुलातून शिकून आलेल्या स्नातकाला सांगितलेले आहेत. आणि गौतम धर्मसूत्रात हाच नियम येतो, तिथं लगेच एक सवलतही येते : ऐपत नसेल तर स्वच्छ धुतलेलं वापरावं. मला हे फार आवडतं. सूत्रकारांना माहीत होतं की सगळ्यांच्या घरी भरलेली कपाटं नसतात. ज्याच्याकडे नाही त्याला त्यांनी अपवित्र ठरवलं नाही, फक्त ‘धू’ म्हणाले.

आणि मोठा नियम असतो तिथं घरातली रीतही बघावी. आपल्याकडे नुकत्या जन्मलेल्या बाळाला कशात गुंडाळतात? आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यात. थोरल्या भावंडाचं झबलं धाकट्याला जातं. जुन्या साड्यांच्या गोधडीखाली आपण सगळे झोपलोय. तेव्हा कुणी ‘उतरलेलं’ म्हणत नाही. म्हणजे आपली अडचण जुनेपणाची नाहीच, अनोळखी माणसाची आहे. आपल्या माणसाचं जुनं चालतं, परक्याचं चालत नाही. भक्ती करणाऱ्यानं हा ‘परका’ कोण, हे स्वतःला एकदा विचारून बघावं.

घेण्याबद्दल एवढं पुरे. मला खरी काळजी देण्याची आहे.

कठोपनिषदाची सुरुवात आठवा. वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान करायला बसलाय, आणि लहानगा नचिकेता बघतो की बाप ज्या गायी दान देतोय त्यांचं शेवटचं पाणी पिऊन झालंय, शेवटचं गवत खाऊन झालंय, दूध संपलंय. पोराला ते सहन होत नाही. मला कुणाला देणार, असं तो बापाला पुन्हा पुन्हा विचारतो आणि बाप चिडून म्हणतो, मृत्यूला. अख्खं उपनिषद या एका खोट्या दानातून निघालंय.

दिवाळीच्या साफसफाईत आपल्या दारातून जी पिशवी निघते ती उघडून बघा. चेन तुटलेली जीन्स, एकाच पायाचा मोजा, पिवळी पडलेली बनियन. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. घर वाहून गेलेल्या माणसांनी ते उचलले नाहीत. बरोबरच केलं त्यांनी. घर गेलं होतं, मान गेला नव्हता.

आपल्या गल्लीतली बोहारीण आठवते? स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात जुने कपडे नेणारी. ती प्रत्येक साडी उजेडात धरते, पदर ताणून बघते, विरलेली असेल तर बाजूला टाकते. आई तिच्याशी घासाघीस करायची तेव्हा मला ती बाई खडूस वाटायची. आता वाटतं, नचिकेत्याची नजर तिच्याकडे होती. ही वस्तू पुढच्या माणसाच्या कामाची आहे का, एवढंच ती बघत होती. शिवाय फुकट काही नेत नव्हती, पातेलं देऊन जात होती.

अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था कपडे वाटते तेही असंच. गावकरी आपल्याच गावासाठी विहीर खोदतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे, भांडी, सामान नेतात. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. 2015 साली गुप्तांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण मला त्याहून ती विहीर महत्त्वाची वाटते.

म्हणून अगस्तींकडे पुन्हा बघा. त्यांनी आश्रम आवरायला काढला नव्हता. बाण संपत नाहीत असे भाते दिले, गंजलेले नाही. आधी जेवू घातलं, मग दिलं. आणि वस्तू कुणाची, तिनं काय काय केलंय, हे सांगून दिलं. पिशवी भरताना तुटलेलं बटण लावा, जोड्याचे दोन्ही बूट बांधून ठेवा, कपडा इस्त्री करा. फाटकं असेल तर त्याचं फडकं करा, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याला दान म्हणू नका.

थ्रिफ्टवाल्या मंडळींना मात्र एक टोचणी देतोच. स्वस्त मिळतं म्हणून महिन्याला दहा टॉप आणून त्याची रील टाकणं म्हणजे अपरिग्रह नव्हे, तो जुन्या कपड्यांतला परिग्रह. रामानं पुढच्या कामाला लागेल तेवढंच घेतलं.

ताई, पैठणी नेस. घरी भिजवू नकोस, जर काळी पडेल. ड्रायक्लीनला दे, म्हणजे गौतमांचंही ऐकल्यासारखं होईल. जमलं तर दुकानवालीकडून विचारून घे, ती कुणाची होती, पहिल्यांदा कधी नेसली होती. आत्याला उलट बोलू नकोस. लग्नात तिच्याच हातून निऱ्या नीट करून घे.

उद्या सर्ग 13. अगस्ती पंचवटीची वाट दाखवतात.

राम राम.