अवकळा आली की आणली?

गावाला अवकळा आली, असे आपण सहज म्हणतो. पेठ ओस पडली, कारखाना बंद पडला, वस्ती बकाल झाली. या वाक्यांत सगळे काही आपोआप घडते. कुणी ओस पाडली, कुणी बंद पाडला, हे वाक्यात येत नाही आणि पुढे ते मनातही येत नाही. अमेरिकेतल्या शहरनियोजनाच्या भाषेने तर यासाठी शब्दच शेतातून उचलला. मोडकळीला आलेल्या वस्तीला तिथे ‘ब्लाइट’ म्हणतात. आपला शेतकरी ज्याला करपा म्हणतो, तोच हा शब्द. कांद्याच्या पातीवर करपा आला की हवेला दोष द्यायचा, औषध मारायचे आणि हाताबाहेर गेले तर पीक उपटून टाकायचे. वस्तीला करपा म्हटले की वस्तीचेही हेच होते.

टेनेसी राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावर वसलेले मेम्फिस हे शहर गेली दीडशे वर्षे असाच ठपका अंगावर झेलत आले आहे. आज तिथल्या लोकसंख्येत जवळजवळ दोन तृतीयांश लोक कृष्णवर्णीय आहेत आणि दर पाच माणसांमागे एकाहून अधिक माणूस दारिद्र्यरेषेखाली जगतो. पण या शहराच्या रहिवाशांनी आपल्या दैन्याविषयी वेळोवेळी जे म्हटले ते ओळीने पाहिले, तर एक विचार हळूहळू स्पष्ट होत गेलेला दिसतो. तो ‘आली’पासून निघतो आणि ‘आणली’पर्यंत पोचतो.

मेम्फिस हे कापसाचे शहर. गुलामांनी पिकवलेला कापूस इथल्या धक्क्यावरून जगभर जायचा. १८६२च्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने ते जिंकले. दक्षिणेचा कापूस त्या काळात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेनासा झाला, आपल्या कापसाला मागणी आली आणि मुंबईच्या बाजारात सोन्याचा पाऊस पडला. १८६५मध्ये युद्ध संपले आणि मुंबईतले कित्येक सावकार धुळीला मिळाले. भाव दूर कुठेतरी ठरतो आणि माणसे इथे देशोधडीला लागतात, हे विदर्भातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

१८७८ साली मेम्फिसमध्ये पिवळ्या तापाची साथ आली. सुमारे पंचवीस हजार माणसे शहर सोडून पळाली. ज्यांच्याकडे गाडीभाडे नव्हते ते मागे राहिले. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते आणि गरीब आयरिश होते. पाच हजारांहून अधिक माणसे मेली. शहराचे दिवाळे निघाले आणि पुढच्या वर्षी राज्याने त्याची सनदच काढून घेतली. त्या काळच्या जाणत्यांचे निदान सोपे होते: घाणीतून विषारी हवा उठते, आणि घाण गरिबांच्या वस्तीत असते. हा ताप डास पसरवतात हे १९०० साली सिद्ध झाले. साथीतून शहराला सांडपाण्याची नवी व्यवस्था मिळाली, हा लाभ खरा. पण तोवर एक समज पक्का रुजला होता, की शहराचा रोग गरिबाच्या दारातून निघतो. साथीच्या दिवसांत रस्त्यांवर पहारा देणाऱ्यांत कृष्णवर्णीयांच्या तुकड्याही होत्या, याची आठवण मात्र फार काळ टिकली नाही.

त्याच साथीने मिसिसिपी राज्यातल्या हॉली स्प्रिंग्ज गावात सोळा वर्षांच्या एका मुलीचे आईवडील नेले. तिचे नाव आयडा बी. वेल्स. भावंडांचा भार उचलत ती शिक्षिका झाली, मेम्फिसला आली आणि एका वृत्तपत्राची संपादक झाली. १८९२च्या मार्चमध्ये तिचा मित्र थॉमस मॉस आणि त्याचे दोन सहकारी यांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार मारले. त्यांनी काढलेले किराणा दुकान चांगले चालत होते आणि समोरच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत होते. भांडणाचे मूळ तिथे होते. झुंडबळी म्हणजे गुन्ह्याला मिळालेली शिक्षा, हे त्या काळचे सांगणे तोवर वेल्सनेही काही अंशी मानले होते. मॉसला ती ओळखत होती. त्याच्या मृत्यूने तिचे डोळे उघडले. वर येऊ पाहणाऱ्याला खाली ढकलण्याची ती रीत होती. दारिद्र्य लादले जाते, हे इतक्या उघडपणे सांगणारी मेम्फिसची ती पहिल्या काही रहिवाशांपैकी एक.

तिने लोकांना शहर सोडून जायला सांगितले, ट्रामवर बहिष्कार घालायला सांगितले. काही आठवड्यांत ट्रामकंपनीचे अधिकारी तिच्या कचेरीत येऊन विचारू लागले, की तुमचे लोक हल्ली ट्रामने का जात नाहीत? ज्यांना शहरावरचे ओझे म्हणायचे, त्यांच्याच नाण्यांवर शहराच्या गाड्या धावत होत्या. मे महिन्यात तिचा छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला आणि तिला परत येता आले नाही.

वेल्सच्या त्या काळातच शहरात ऑरेंज माउंड ही वस्ती उभी राहत होती. १८९०मध्ये जुन्या मळ्याच्या जमिनीचे भूखंड पाडून ते कृष्णवर्णीयांना विकले गेले. गुलामांची मुले तिथे स्वतःच्या घराची मालक झाली. म्हणजे संधी मिळाली तिथे घर उभे राहिले, बाग राखली गेली, शाळा आणि चर्च झाले. रोग रक्तात असता तर हे झाले नसते.

मग नकाशे आले. १९३०च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने मेम्फिससह शेकडो शहरांचे रंगीत नकाशे काढले. हिरव्या भागात कर्ज सुरक्षित, लाल भागात धोक्याचे. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून किंमत नाही, किंमत नाही म्हणून पुन्हा कर्ज नाही. मग एक दिवस अधिकारी येऊन म्हणायचा, इथे करपा आहे, पाडा. छत गळणाऱ्या घरातल्या बाईला हा क्रम ठाऊक होता. तिने बँकेचा नकार कानांनी ऐकला होता. अभ्यासकांना तो पुराभिलेखातून काढून मांडायला अनेक दशके लागली.

१९३८ साली मेम्फिसमध्ये दोन सरकारी वसाहती उघडल्या: गोऱ्यांसाठी लॉडरडेल कोर्ट्‌स, कृष्णवर्णीयांसाठी डिक्सी होम्स. लॉडरडेलमध्ये १९४९ ते १९५३ गायक एल्विस प्रेसलीचे कुटुंब राहिले. प्रेसली गरीब होते, पण त्यांच्या गरिबीला कुणी रोग म्हटले नाही. ते सरकारी घर त्यांना वर चढायची पायरी झाले. आज लॉडरडेलच्या इमारती डागडुजी होऊन उभ्या आहेत. डिक्सी होम्स जमीनदोस्त झाले.

त्याच १९५३ साली आणखी एक घर गेले. रॉबर्ट चर्च हा गुलामीत जन्मलेला माणूस. पिवळ्या तापाच्या काळात इतर लोक जमिनी विकून पळत असताना त्याने त्या घेतल्या. पुढे बील रस्त्यावर आपल्या लोकांसाठी बाग आणि सभागृह बांधले, बँक काढली. त्याच्या मुलाचे शहरातल्या सत्ताधाऱ्यांशी बिनसले. थकलेल्या कराच्या नावाखाली त्यांचा प्रशस्त वाडा शहराने ताब्यात घेतला होता. १९५३मध्ये अग्निशमन दलाची साधने पाहुण्यांना दाखवायची म्हणून तो वाडा पेटवून देण्यात आला. कृष्णवर्णीय मेम्फिसच्या वैभवाची सर्वांत मोठी खूण प्रात्यक्षिक म्हणून जळाली. या घराला करपा लागला होता, असे कोण म्हणेल?

१ फेब्रुवारी १९६८. मेम्फिसमध्ये जोराचा पाऊस. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात आडोशाला शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघे चिरडून मेले. अशा जुनाट गाड्यांविषयी कामगारांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. कामगारांपैकी अनेक जण पूर्णवेळ राबूनही इतके कमी कमवत, की सरकारी मदतीला पात्र ठरत. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकावर चारच इंग्रजी शब्द होते, मराठीत तीन होतात: मी माणूस आहे.

त्या फलकावर पगाराचा आकडा नव्हता. शहराचा कचरा उचलणाऱ्यालाच घाणेरडे ठरवायची रीत आपल्याला अनोळखी नाही. म्हणून त्या शब्दांचे वजन आपल्याला चटकन कळते. शहराचे दुखणे कोण, या प्रश्नाला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला लोरेन मोटेलच्या सज्जात त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला संप मिटला, संघटनेला मान्यता मिळाली.

पण त्यानंतर शहर रिकामे होऊ लागले. १९७३मध्ये न्यायालयाच्या आदेशाने शाळांतला वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत पाठवणे सुरू झाले आणि गोऱ्या पालकांनी हजारो मुले काढून घेतली. १९८३मध्ये फायरस्टोनचा टायर कारखाना बंद झाला, १९८५मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. फायरस्टोनचे धुरांडे उत्तर मेम्फिसमध्ये अजून उभे आहे. त्याच्यावर कंपनीचे नाव वाचता येते आणि पायथ्याशी मोकळी जमीन आहे. त्या कारखान्यात एकेकाळी हजारो माणसांना घर चालवता येईल असा पगार मिळत होता. १९७३मध्ये फेडेक्सने मेम्फिसमधून काम सुरू केले आणि शहराला मालवाहतुकीचे मोठे केंद्र बनवले. रोजगार आला, हे नाकारता येणार नाही. पण रात्रपाळीच्या, अर्धवेळ, गोदामातल्या कामांवर अख्खे घर उभे राहत नाही, ही तक्रार मेम्फिसच्या घराघरांत आहे.

लोकसंख्या १९७० साली सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०२०मध्ये ती ६,३३,१०४ भरली. आकडा पाहून वाटते, काही बिघडले नाही. पण मधल्या काळात शहराने शेजारच्या वसाहती जोडून घेत आपली हद्द खूप वाढवली. तेवढीच माणसे कितीतरी मोठ्या जागेवर पांगली. रस्ते, गटारे, दिवे यांचा खर्च वाढला, तो पेलणारे खिसे वाढले नाहीत. आतल्या वस्त्यांतली घरे एकामागून एक रिकामी झाली.

इथे रहिवाशांच्या विचाराला खरी कसोटी लागली. १९९१मध्ये विली हेरेंटन हे शहराचे पहिले निवडून आलेले कृष्णवर्णीय महापौर झाले. खुर्चीवर आपला माणूस बसला, तरी गल्लीतले घर पडायचे थांबले नाही. मग काहींनी म्हटले, दोष आपलाच आहे: पोरे बिघडली, शेजारधर्म संपला. काहींनी पुढाऱ्यांना बोल लावला, काहींनी गुन्हेगारीला. ही मते खोटी म्हणून बाजूला सारता येत नाहीत. बाजूच्या पडक्या घरात रात्री कोण येते, याची भीती शेजारी राहणाऱ्या म्हातारीलाच असते. पण घर पडके कसे झाले, हे तिला विचारले की गोष्ट पुढे सरकते. आजोबांनी मृत्युपत्र केले नाही, घर सात वारसांच्या नावे विखुरले, कागद स्वच्छ नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर थकतो, आणि एक दिवस ते घर दूरच्या शहरातल्या कुणा कंपनीच्या नावावर दिसते. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावे वाढत गेलेल्या घराण्यांना ही गुंतागुंत सांगावी लागत नाही.

२००९मध्ये मेम्फिस शहर आणि शेल्बी काउंटी यांनी वेल्स फार्गो बँकेविरुद्ध दावा लावला. कृष्णवर्णीय वस्त्यांत मुद्दाम महागडी, जाचक गृहकर्जे खपवली, असा आरोप होता. बँकेने तो नाकारला. २०१२मध्ये तडजोड झाली आणि कर्जपुरवठ्याची नवी हमी मिळाली. पूर्वी लाल रेषेने कर्ज अडवले होते, आता कर्जानेच घर गिळले, असा रहिवाशांचा अनुभव होता. २०१६मध्ये शहराने करपा निर्मूलनाची सनद स्वीकारली. पडक्या घरांच्या मालकांना कोर्टात उभे करण्याची सोय तिथे आधीपासून होती. त्याचा उपयोगही झाला. पण शब्द अजून तोच राहिला, करपा.

त्या शब्दाचा मुखवटा गळून पडला तो नैऋत्य मेम्फिसमध्ये. बॉक्सटाउन ही मुक्त झालेल्या गुलामांनी रेल्वेच्या डब्यांच्या लाकडातून उभारलेली वस्ती. एका कंपनीला तिथून कच्च्या तेलाची वाहिनी न्यायची होती. हीच वाट का, याचे उत्तर देताना कंपनीच्या प्रतिनिधीने सभेत सांगितले, की आम्ही सर्वांत कमी प्रतिकाराची जागा निवडली. कर्ज नाकारताना, वसाहत पाडताना, वाडा पेटवताना जे कुणी बोलून दाखवले नव्हते, ते एकदाचे लोकांसमोर बोलले गेले. रहिवासी उभे राहिले. वाडवडिलांच्या जमिनी आणि शहराला पाणी पाजणारा भूगर्भातला साठा यांसाठी ते वर्षभर लढले, आणि जुलै २०२१मध्ये कंपनीने प्रकल्प सोडून दिला.

वेल्सने १८९२मध्ये जे ओळखले तेच बॉक्सटाउनने १२९ वर्षांनी सिद्ध केले. अवकळेला करते हात असतात, आणि हात असतात म्हणून ते अडवताही येतात. रोगापुढे माणूस हतबल असतो, निर्णयापुढे नसतो.

पुढच्या वेळी कुठलीही वस्ती, मग ती मेम्फिसची असो वा आपल्या गावाच्या टोकाची, बकाल झाली असे म्हणण्याआधी एक वाक्य बदलून पाहावे. ‘झाली’च्या जागी ‘केली’ घालावे, आणि कुणी केली हे आधी तिथे राहणाऱ्यांना विचारावे. उत्तर त्यांना बहुधा ठाऊक असते.