काढलेली दुरुस्ती

२०१६च्या दिवाळीत साकोली तालुक्यातल्या एका गावात हलका धान कापून झाला होता आणि भारी धानाला शेवटचं पाणी चालू होतं. नागपूरच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळणारी आबाजींची नात सणाला घरी आली होती, पण छपरीत लॅपटॉप मांडून बसली होती. एकेका यंत्रावर लिनक्सचं नवं कर्नल चढवायचं, ते यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं आणि पुढच्याकडे वळायचं, असं तिचं सकाळपासून चाललं होतं.

आबाजी तलावावरून आले. ते गावचे पाणकर. कोणत्या बांधीला पाणी कधी द्यायचं आणि तलावाचं पाणी सोडायचं तुडुम किती उघडायचं, हे सारं त्यांच्याच हाती होतं. तलाव कोहळी समाजाने बांधलेला, मालगुजारी काळातला. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेला, पण त्याची दुखणी ओळखणारा माणूस गावातच राहिला.

"सनावाराचं काय करून राह्यली, बाई?"

"चोर शिरायची जागा बुजवतेय, आबाजी. डर्टी काऊ म्हणतात तिला."

मग तिने सांगायला घेतलं. यंत्राच्या स्मृतीत एकच पान अनेक प्रोग्रामना वाचायला दिलेलं असतं. त्यावर लिहायचा हक्क कोणालाच नसतो. कोणाला लिहायचंच असेल, तर कर्नल त्या पानाची प्रत काढतं आणि मागणाऱ्याने त्या प्रतीवर लिहायचं असतं. मूळ पान तसंच राहतं. चोराचा प्रोग्राम एका हाताने लिहायला मागायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने कर्नलला सांगायचा, ती प्रत टाकून दे. प्रत काढल्यावर कर्नल स्वतःजवळची 'लिहायचं आहे' ही खूण पुसून टाकत असे. तेवढ्यात प्रत नाहीशी झाली की पुन्हा शोधताना हाती मूळ पानच यायचं, आणि लिखाण थेट त्याच्यावर. हा डाव हजार वेळा फसला तरी चालतो, एकदा साधला की पुरे. साधा वापरकर्ता साऱ्या यंत्राचा मालक होऊन बसतो. फिल ओस्टर नावाचा माणूस आपल्या सर्व्हरवर येणाऱ्या वाहतुकीची नोंद ठेवत होता, म्हणून हल्लेखोराने आणलेला प्रोग्राम सापडला. नाहीतर कोणाला पत्ताही लागला नसता.

"कवापासून होतं थे भोक?"

"तेच तर, आबाजी. लिनस टोरवाल्ड्स, ज्यांनी लिनक्स सुरू केलं, त्यांनीच दुरुस्तीसोबत लिहिलंय की ही जागा त्यांनी अकरा वर्षांपूर्वी बुजवायचा प्रयत्न केला होता. २००५ साली."

"मंग?"

"काही दिवसांतच ती दुरुस्ती काढावी लागली. पान बदललं की नाही याची खूण आयबीएमची मोठी यंत्रं वेगळ्या ठिकाणी ठेवायची. नवी तपासणी तिथे चालेना."

"मंग काढली थे बराबरच केलं. एकाचं घर बुडवून दुसऱ्याचं नाही वाचवत कोनी."

"हो. पण पुढे त्या यंत्रांची अडचण मिटली आणि दुरुस्ती परत घालायला कोणी आलंच नाही."

आबाजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आपल्या उमेदीतली गोष्ट सांगितली. तुडुमाच्या बाजूने तलावाची पाळ झिरपत होती. गावाने दगड-मुरूम ठासून ती बंद केली. पण खालच्या अंगाला एका विधवेची बांधी होती आणि त्या झिरपणाऱ्या पाण्यावरच तिचं रोप जगायचं. ती रडत आली. गाव काही दगडाच्या काळजाचं नव्हतं. भर उकरून काढली आणि पुढच्या उन्हाळ्यात काही करू, असं ठरलं. दोन वर्षांनी तिच्या पोराने विहीर खणली. त्या विहिरीचं पाणी साऱ्या गावाने पाहिलं, पण पाळीकडे कोणी पाहिलं नाही. नंतरच्या एका पोळ्याला रात्रभर पाऊस लागला आणि नेमकी तिथेच पाळ फुटली. निसवायला आलेला धान गाळाखाली गेला.

"गावानं भर काढली थे चुकलं नाही," आबाजी म्हणाले. "काढन्याचं कारन कवा सरलं, हे पाह्यचं काम कोनाच्या नावानं लिवलंच नवतं. मी पानकर. मलेबी कोनी सांगतलं नवतं, मीबी इचारलं नवतं."

नातीने नवी दुरुस्ती उघडून पुन्हा वाचली. आता लिहायची मागणी पुसली जात नव्हती. 'प्रत काढून झाली' अशी वेगळी खूण ठेवली होती आणि हातातलं पान खरोखर ती प्रतच आहे, हे तपासूनच लिहू दिलं जात होतं. जेमतेम काही ओळींचं काम. जगभरच्या लाखो यंत्रांत, काकाच्या अँड्रॉइड फोनमधल्या कर्नलमध्येसुद्धा, ह्याच ओळी इतकी वर्षं नव्हत्या.

नागपूरला परतल्यावर तिने आपल्या कंपनीतल्या अशा सगळ्या 'तात्पुरत्या' गोष्टी शोधून काढायला सुरुवात केली. कुठे विकून टाकलेल्या छपाईयंत्रासाठी उघडा ठेवलेला मार्ग होता, कुठे सोडून गेलेल्या माणसासाठी शिथिल केलेला नियम. बऱ्याच ठिकाणी कारणच लिहिलेलं नव्हतं. जुन्या लोकांना फोन करकरून विचारावं लागलं. काहीजण वैतागले. कामात कुठे अडलंय, उगाच कशाला हात लावता, असं तिला काहींनी समजावलंही. तिने हात लावला. एका वहीत प्रत्येक सवलतीपुढे तीन गोष्टी लिहिल्या: कोणासाठी दिली, ते कारण संपलं हे कशावरून कळेल आणि कोणत्या तारखेला कोण पाहणार.

२०१७च्या नोव्हेंबरमध्ये बातमी आली की डर्टी काऊच्या दुरुस्तीतही एक फट राहिली होती. साधी पानं सांभाळली गेली होती, पण स्मृतीची मोठमोठी पानं वापरायच्या सोयीत ती नवी खूण पुरेशी पडत नव्हती. धोका पहिल्याइतका नव्हता, तरी होताच. वरिष्ठांनी विचारलं, आपल्याकडे ही सोय कुठे चालू आहे? तिने वही उघडली. दोन यंत्रं होती. कारण लिहिलं होतं, एका जुन्या डेटाबेससाठी. तो डेटाबेस तर उन्हाळ्यातच दुसरीकडे हलवला होता. त्या नोंदीसमोर पाहायची तारीख डिसेंबरची होती आणि नाव तिचंच होतं. डिसेंबरची वाट न पाहता तिने दोन्ही यंत्रांवरची ती सोय बंद केली, नवं कर्नल चढवलं आणि ती ओळ वहीतून खोडली.