कागद यायच्या आधी

परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून गावोगावची माणसं येतात. पुष्कळजण दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, तसे आम्हीही. तात्या ८६ वर्षांचे. पीएसए वाढलेला, म्हणून सुईनं तुकडे काढून तपासायला दिलेत. म्हातारपणी नुसती प्रोस्टेट वाढली तरी पीएसए चढतो, तेवढाच धीर.

बरोबरची मंडळी म्हणतात, काही निघालं तर म्हाताऱ्याला सांगू नका. का बरं? शेत इकायचं तर सही त्यांची लागते, आन् त्यांच्याच देहाची खबर त्यांना नको? न सांगण्यात माया असते, पण आपली सुटकाही असते. या वयात हा रोग पुष्कळदा सावकाश चालतो. उपचार घ्यायचा की नुसतं लक्ष ठेवायचं, हे त्यांनीच ठरवायला हवं. काल तात्या म्हणाले, "कागद आला की आधी मला वाचून दाखव. मग रडा."