जोत्यावर थांबलेले घर

सोनईहून शिंगणापूर जवळच आहे. तेथे घरांच्या चौकटींना दारे न लावण्याची रूढी सर्वश्रुत आहे. २०११ साली तेथे उघडलेल्या युको बँकेच्या शाखेनेही कुलपाला फाटा दिला होता. माणसांचा माणसांवर केवढा हा विश्वास, असे पाहुणे म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. कोणी एक सदैव पाहत आहे, या श्रद्धेवर ती रूढी उभी आहे.

आता आपल्या खेड्यांत दुसराही एक डोळा आला आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलांची छायाचित्रे मोबाईलवर टिपली जातात: आधी मोकळी जागा, मग जोते, मग भिंती, शेवटी छत. प्रत्येक छायाचित्राबरोबर स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात, आणि त्या आधारे सपाट प्रदेशासाठी ठरलेल्या १ लाख २० हजार रुपयांच्या अनुदानातील पुढचा हप्ता खात्यात जमा होतो. मोठ्या प्रकल्पांवर तर यंत्रच छायाचित्रे नकाशाशी ताडून काम किती झाले ते सांगू लागले आहे. यास आमचा विरोध नाही. कागदावर खोदलेल्या विहिरींच्या कथा ज्यांनी ऐकल्या, त्यांनी तरी या डोळ्याला नावे ठेवू नयेत.

तथापि एक प्रसंग मनातून जात नाही. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचे घरकुल जोत्यावर थांबले. मुकादमाची उचल घेतलेली. दसऱ्यानंतर नवरा-बायको ऊसतोडीला गेली. पुढे कित्येक महिने नोंद एकच: अपूर्ण. नोंद खोटी नव्हती. परंतु ती ऐकून आम्हीही गावाप्रमाणे मनात म्हणालो, पैसे खाल्ले असतील. बुरूज बांधायला घेऊन तो पुरा करू न शकणाऱ्याला लोक हसतात, हा ख्रिस्ताचा दाखला आम्ही कितीदा समजावून दिला असेल! हसणाऱ्यांत आपणही असू, हे कधी ध्यानी आले नाही.

रानात पळालेल्या हागारेने देवाला 'पाहणारा' म्हटले. मात्र त्याआधी तिला, कोठून आलीस, कोठे चाललीस, असे कोणी विचारले होते. यंत्राकडून त्या प्रश्नाची अपेक्षा नाही. आमच्याकडून होती.

चैत्रात ती माणसे परतली, तेव्हा आम्ही विचारले. ती गेल्यावर पंधरा दिवस म्हातारी सासू हापशावरून हंड्याने पाणी आणून जोत्यावर घालीत होती, हे तेव्हा आम्हांस कळले.