सुरू होणे आणि सिद्ध होणे

एखादी गोष्ट सुरू झाली की ती सिद्धही झाली, असे आपण किती सहज गृहीत धरतो! संसार सुरू होतो, संस्था सुरू होते, व्रत सुरू होते. आपण टाळ्या वाजवतो आणि निश्चिंत होतो. परंतु सुरू होणे आणि वाटेला लागण्यास सिद्ध होणे यांत अंतर आहे. ते अंतर मला एका जुन्या यंत्राने दाखवून दिले.

काही वर्षांपूर्वी कॅनडातील उत्तर ऑन्टारिओच्या एका लहान धर्मग्रामात एक हिवाळा सेवेसाठी राहण्याचा योग आला. तेथील एका वृद्ध गृहस्थांच्या पडवीत १९६० च्या दशकातील एक पिवळी स्नोमोबाइल ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होती. पुढे दोन स्की, मागे रबरी फिरता पट्टा, दोरी ओढून सुरू करायचे लहानसे टू-स्ट्रोक इंजिन, अशी ही बर्फावरची गाडी. गृहस्थांच्या विशीतल्या नातवाला ती पुन्हा चालवायची होती आणि आजोबांनी मनावर घेतले होते.

या वाहनाचा इतिहास मोठा हृदयस्पर्शी आहे. क्वेबेकमधील वालकूर येथे १९०७ साली जन्मलेल्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांनी पंधराव्या वर्षीच बर्फावर धावणारी एक गाडी बनवली. तिच्या उघड्या फिरत्या पंख्याचा धोका पाहून वडिलांनी ती मोडायला लावली. पुढे १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले, आणि बापाची प्रयोगातली गाडी अजून प्रवासाजोगी झालेली नव्हती. मूल इस्पितळापर्यंत पोहोचले नाही. बॉम्बार्डिए यांनी काम सोडले नाही. दातेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट त्यांना १९३७ साली मिळाले आणि त्यांच्या मोठ्या हिमगाड्यांतून डॉक्टर, टपाल व शाळकरी मुले जाऊ लागली. १९५९ साली त्यांनी एकदोन माणसांसाठी हलकी स्की-डू बनवली, तेव्हा तिचा एक नमुना उत्तर ऑन्टारिओतील लॅन्सडाउन हाउस येथे आदिवासींमध्ये सेवा करणारे ऑब्लेट मिशनरी फादर मॉरिस विमे यांच्याकडे नेला. कुत्र्यांच्या घसरगाडीवरून फिरणाऱ्या धर्मगुरूला ही गाडी किती मोलाची वाटली असेल, हे मला त्या हिवाळ्यात उमगले.

असो. आजोबांचे काम मी रोज सायंकाळी जाऊन पाहत असे. त्यांनी आल्याआल्या दोरी ओढली नाही. आधी उंदरांची घरटी काढली. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले, रात्रभर मुरू दिले, आणि मग इंजिन हळूहळू हाताने फिरवून पिस्टन मोकळा आहे ना, हे पाहिले. टाकीतील कुजके पेट्रोल ओतून दिले, ताठरलेल्या रबरी नळ्या बदलल्या, कार्ब्युरेटर उघडून त्यातला कडक झालेला पडदा नवा घातला. ताज्या पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळले. कारण या इंजिनाला वंगण इंधनातूनच मिळते, तेल विसरले तर पिस्टन जागीच चिकटतो. आठव्या दिवशी, चौथ्या ओढीला, निळा धूर सोडून यंत्र धडधडू लागले. शेजारीपाजारी जमले, छायाचित्रे निघाली, आणि त्यांच्या आग्रहावरून मी गाडीला आशीर्वाद दिला.

नातवाला त्याच रविवारी गोठलेले सरोवर ओलांडून मित्रांकडे जायचे होते. आजोबा म्हणाले, "अजून नाही." मुलाचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "फादर, तुम्ही तर आशीर्वाद दिलात. आता काय होणार आहे?" आणि मी, मुलाचे मन मोडू नये म्हणून, आजोबांना म्हणालो, "इतकी छान चालते आहे. जाऊ द्या की त्याला."

त्यांनी वाद घातला नाही. गाडीचा मागचा भाग घोडीवर उचलून ठेवला, पट्ट्याच्या मागे कोणी उभे राहू नये असे बजावले, आणि मुलाला वेग वाढवायला सांगितले. पट्टा हवेत गरगरू लागला. मुलाने अंगठा काढला. पट्टा थांबला नाही. वेगाची तार गंजून आपल्या नळीत अडकली होती. आजोबांनी खटका दाबून इंजिन बंद केले. पडवीत कोणी काही बोलले नाही. हेच सरोवरावर, वळणाशी, समोर झाडे असताना घडले असते तर? सर्वांत अधिक खाली मान माझी गेली. ज्याविषयी मला काहीही ज्ञान नव्हते, त्याची ग्वाही मी केवळ गोड वाटावे म्हणून दिली होती.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे विवेकावरील विवेचन शिकलो होतो. विवेक म्हणजे भित्रेपणा नव्हे. योग्य साध्यासाठी योग्य साधने निवडण्याचा तो सद्गुण. स्मृती, दूरदृष्टी, परिस्थितीचे भान आणि सावधगिरी ही त्याची अंगे. हलगर्जीपणाला ते विवेकाच्या विरोधातील पाप मानतात. परीक्षेत हे सारे मी बिनचूक लिहिले होते. पडवीत मात्र आजोबा विवेक आचरत होते आणि मी दयेच्या नावाखाली हलगर्जीपणा करीत होतो. आशीर्वाद ही आपल्या कष्टांवर मागितलेली कृपा असते; न केलेल्या कष्टांची भरपाई नसते. हा भेद धर्मगुरूनेच विसरावा?

येथे एक आक्षेप रास्त आहे. पूर्ण सिद्धता होईपर्यंत थांबायचे ठरवले तर कोणीच घराबाहेर पडणार नाही. १९३४ च्या त्या रात्री अर्धीमुर्धी गाडीदेखील बापाने बाहेर काढली असती, आणि कोणी त्याला दोष दिला नसता. खरे आहे. धोका किती, एवढाच प्रश्न नसतो. तो कशासाठी पत्करायचा, हाही असतो. मरणाच्या दारातील मुलासाठी जे धाडस धर्म्य ठरते, ते रविवारच्या मौजेसाठी ठरत नाही. आणि ज्याच्या हाती थांबण्यासाठी वेळ आहे, त्याला घाईचे समर्थन गरजेच्या नावाने करता येत नाही.

पुढचे तीन आठवडे आजोबांनी न दिसणारी कामे केली. नवी तार घातली. ब्रेक नीट केला. इंजिनाच्या आसाजवळची वाळलेली सीले बदलली. त्यांतून हवा शिरली तर मिश्रणातले इंधन कमी पडते, इंजिन तापते आणि घरापासून दूर बंद पडते. चाकांच्या बेअरिंगांत ग्रीस भरले, पट्ट्याच्या चिरा एकेक करून तपासल्या. या कामांची छायाचित्रे कोणी काढली नाहीत.

फेब्रुवारीत एका सकाळी बर्फाला भोके पाडून जाडी मोजली. ती तीस सेंटिमीटरहून अधिक भरली. पहिली फेरी आजोबांनी स्वतः मारली, किनाऱ्याकिनाऱ्याने, शेजाऱ्याची नवी गाडी सोबत ठेवून. परतल्यावर त्यांनी जागा नातवाला दिली. मुलाने निघण्यापूर्वी अंगठ्याने वेग दिला, सोडला, पुन्हा दिला, पुन्हा सोडला. इंजिन दर वेळी खाली आले. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "फादर, आता द्या आशीर्वाद."

मी दिला. या वेळी काय म्हणतो आहे, ते मला ठाऊक होते.