लक्कम्मांनी मारय्यांना केव्हा अडवले?



दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात. जिनिंगमध्ये कामाची घाई होते. मग मालक मुकादमाच्या मागे, मुकादम मजुराच्या मागे. 'असे नको, तसे कर' हे दिवसभर चालते. मालकाची भीती खोटी नाही; एका ठिणगीने कापसाची गंजी जाते. पण सतत टोकलेला माणूस स्वतः पाहायचे सोडून देतो, आणि ठिणगी तेव्हाच निसटते.

बाराव्या शतकात आयदक्की मारय्या कल्याणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत व दासोह करीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मांनी ते ओळखले व जास्तीचे परत टाकून येण्यास सांगितले. मारय्यांनी ऐकले. लक्कम्मा रोज पतीमागे दाणे मोजीत फिरत नव्हत्या. वेचणे त्यांच्यावर सोपवले होते. मर्यादा दोघांना ठाऊक होती. ती ओलांडली तेव्हाच त्या बोलल्या.

कायक ही पूजा आहे. पूजेला बसलेल्याचा हात आपण धरतो का? काम देताना नीट समजावावे, धोका कुठे ते सांगावे, मग बाजूला व्हावे. हिशेब ठरल्या वेळी जरूर घ्यावा.

आणि ज्याला टोकले जाते त्याने कुढत बसू नये. 'मालक, संध्याकाळी हिशेब देतो, चुकलो तर विचारा,' असे नम्रपणे म्हणावे. चार दिवस शब्द पाळला की मालकालाही निवांत बसता येते.

शरणु शरणार्थी.