रानबोकड व ईश्वरी तजवीज

आल्प्स पर्वतांत आयबेक्स नांवाचा मोठ्या वांकड्या शिंगांचा रानबोकड राहतो. त्याचें शरीर थंडीसाठीं घडलेलें. ऊन चढलें कीं तो चरणें सोडून उंच, गार कड्यांकडे जातो. परंतु अलीकडे एवढ्यानें भागत नाहीं. इटली व स्वित्झर्लंड येथील राखीव रानांत २००६ ते २०१९ या वर्षांत ४७ आयबेक्सांच्या गळ्यांत यंत्रें बांधून त्यांच्या हालचाली नोंदण्यांत आल्या. उष्णता वाढे तसतसे ते रात्रीं अधिक फिरत. आणि इटलींत लांडगे असूनही फिरत! लांडगा तर रात्रींचाच शिकारी.

हें ऐकून कोणी म्हणेल, मुक्या पशूसही देवानें मार्ग सुचविला, मग चिंता कशाला? देवाची तजवीज आम्हीही मानितों. १०४ थ्या स्तोत्रांत उंच डोंगर रानबकऱ्यांस नेमिले आहेत. पण त्याच स्तोत्रांत रात्र ही शिकार शोधणाऱ्या पशूंची सांगितली आहे. बोकडास त्या रात्रींत कोणी लोटलें? कोळसा व तेल जाळून हवा तापविणाऱ्या मनुष्यानेंच. देवानें दुर्बळास सोसण्याची युक्ति दिली, म्हणून ओझें लादणारा निर्दोष ठरतो काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. “त्यांस सवय आहे,” हें बोलणें गांवकुसाबाहेर राहिलेल्या आमच्या वाडवडिलांविषयीं किती वेळां झालें! बोलणारा मात्र सावलींत बसलेला असे.

प्रचारक बंधूंनीं हें स्तोत्र शिकवितांना बोकडाची हकीकत अवश्य सांगावी. मुलें अवघड प्रश्न विचारतील, विचारूं द्यावे.